तळघरातली झील

[तबकडी फिरतेय. सुई टेकते. खरखर, मग आवाज.]

शू-डू, शूबी-डू.

मुख्य गायकानं अजून तोंड उघडलेलं नाही, तरी 'इन द स्टिल ऑफ द नाइट' हे गाणं ओळखू आलं. ही करामत झील धरणाऱ्यांची. एड मार्टिन, जिम फ्रीमन, अल डेन्बी. त्यांची नावं सहसा शेवटी येतात, तीही आली तर. म्हणून आधीच घेतली.

[सेंट बर्नाडेट चर्च. कॅमेरा पायऱ्या उतरतो.]

न्यू हेवन, कनेक्टिकट. फेब्रुवारी १९५६. या चर्चच्या तळघरात 'फाइव्ह सॅटिन्स' हा गायकांचा गट गायला उभा राहिला. नावात पाच, पण या रेकॉर्डवर गाणारे चारच! चौथा फ्रेड पॅरिस, वय १९, सैन्यात शिपाई. रात्रीच्या पहाऱ्यावर उभ्या उभ्या त्यानं हे गाणं रचलं. जागा मिळाली सॅक्सोफोनवाल्या विनी मॅझेटामुळे. तो याच चर्चचा.

स्टुडिओ नाही, म्हणून काचेमागचा साउंड इंजिनिअरही नाही. पियानो, ड्रम, सॅक्सोफोन आणि गळे, सगळं एकाच खोलीत. आता नीट ऐका: आवाजाला कडा नाहीत, तो भिंतींना लागून परत येतो. एरवी लोक हा घुमारा यंत्रानं आणतात. इथे तो तळघरानं दिला, फुकटात.

[सॅक्सोफोनचा तुकडा. निवेदन थांबतं.]

[लेबल, जवळून.]

'नाइट'चं स्पेलिंग पाहा: एन, आय, टी, ई. चूक नाही ती. 'इन द स्टिल ऑफ द नाइट' नावाचं अमेरिकी गीतकार-संगीतकार कोल पोर्टरचं गाणं आधीच होतं, त्याच्याशी गल्लत नको म्हणून हा बदल. आणि ही तबकडीची दुसरी बाजू बरं का. पहिल्या बाजूवर होतं 'द जोन्स गर्ल'. ते आज कोण लावतं?

[जुना फोटो.]

छोट्या 'स्टँडर्ड' रेकॉर्ड कंपनीकडून गाणं 'एम्बर'कडे गेलं आणि 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या पॉप यादीत २४व्या क्रमांकापर्यंत चढलं. तेव्हा पॅरिस सैन्याच्या नोकरीत जपानला. त्याच्या जागी बिल बेकर आला. १९५७ मध्ये 'टू द आइल' हेही चाललं. १९८७ च्या 'डर्टी डान्सिंग' या चित्रपटानं 'इन द स्टिल'ला नवी पिढी मिळवून दिली. पॅरिस २०२२ मध्ये गेला.

[पुन्हा तबकडी. सुई शेवटच्या खाचेत.]

शू-डू, शूबी-डू.