बाबा, तीट राहिली की!

नमस्कार मंडळी. वडील लोक मागं उभे आहेत, पुढं या की, कारण आजची गोष्ट एका बाबाचीच आहे.

आमच्या गल्लीतला एक जण उद्यमबागला फौंड्रीत कामाला जातो. चार वर्षांची पोरगी, तिला रोज रात्री चिमणी-कावळ्याचीच गोष्ट पाहिजे. एकदा झोप आवरेना म्हणून त्यानं मधलं गाळलं, चिमणीनं बाळाला अंघोळ घातली, अंगडं घातलं नि एकदम दारच उघडलं. पोरगी ताडकन उठून बसली, "बाबा, तीट राहिली की!" तो मला हे तक्रार म्हणून सांगत होता, तेच तेच ऐकून हिला कंटाळा कसा येत नाही म्हणून. मी म्हटलं अरे, हेच तर पाहिजे, कशानंतर काय येतं ते तिला पाठ झालंय, उद्या हीच गोष्ट छापलेली समोर आली की ती ओळीवर बोट फिरवत पाठ असलेलंच म्हणणार, नि हळूहळू "चिमणी" हा शब्द असा दिसतो होय, हे तिचं तिलाच कळत जाणार. तेच पुस्तक वीस वेळा मागितलं तर वीस वेळा वाचा.

आपल्या बेळगाव भागात अजून एक टेन्शन. घरात मराठी, दुकानात-बसमध्ये कन्नड, शाळा इंग्लिश मीडियम, मग पोराचा गोंधळ नको म्हणून घरातपण मोडकंतोडकं इंग्लिश सुरू. असं करू नका हो. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, तिच्यातच गोष्ट सांगा. शेजारच्या अक्का "ओंदूरल्ली ओब्ब राजा इद्द" म्हणून, म्हणजे एका गावात एक राजा होता असं, कन्नडमध्ये सुरू करत असतील तर तिकडंपण बसवा, कोणाशी काय बोलायचं ते पोरं बरोबर ओळखतात. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर म्हणून साईट आहे 2015 पासूनची, तिथं चित्रांच्या गोष्टी मराठीत मिळतात, कन्नडमध्येपण, फुकट. फक्त मोबाईल तुमच्या हातात आणि पोरगं मांडीवर. गणपत गल्लीत 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, बाजाराला गेलात की पोराला घेऊन एक चक्कर मारा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, जरा मोठ्या पोरांना ते द्या.

आणि गोष्ट संपली की "तात्पर्य काय?" विचारू नका, हात जोडून सांगते. मी थोरल्याच्या वेळी ही चूक केली, प्रत्येक गोष्टीनंतर प्रश्न, शब्दार्थ लिहून घेणं, वाचनाचा पार होमवर्क करून टाकला, पुस्तक काढलं की तो पाणी प्यायला उठायचा. त्याचं अजून वाईट वाटतं. धाकटीला काहीच विचारलं नाही, तर एक दिवस तिनंच विचारलं, कावळ्याचं घर वाहून गेलं, चिमणीनं लवकर दार उघडलं नाही, तेवढा वेळ तो पावसात कुठं थांबला? त्यावर आम्ही अर्धा तास बोलत बसलो, स्वयंपाक राहिला तसाच.

बाहेर टेबलावर पंधरा-वीस पुस्तकं मांडलीत. जाताना एकेक घेऊन जा, पोरांनाच निवडू दे, पान फाटलं तरी चालेल, चिकटवून परत आणा.