पलटणीतली सोळा वर्षे आणि रानातली शेहेचाळीस

मित्रहो,

ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज माण तालुक्यातल्या या गावात जमलो आहोत, त्यांना गाव ‘मेजर’ म्हणत असे. घरात ते नाना होते आणि मीही त्यांना नानाच म्हणणार आहे. सातारा जिल्ह्यात सैनिकी परंपरेची ओळख करून द्यावी लागत नाही. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. रणांगणावर पडलेल्यांची स्मारके आपण उभारली, तिथे फुले वाहतो, आणि ते योग्यच आहे. पण जो जवान पस्तिशीत परत आला आणि पुढची चार-साडेचार दशके कोरडवाहू रान कसत जगला, त्याचे स्मरण आपण कसे करतो? बहुधा त्याच्या आयुष्यातले एखादे युद्ध उचलतो आणि बाकीचे सोडून देतो. नानांच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढ्यासाठी मी बोलायला उभा आहे.

नानांचा जन्म १९४४ चा. घरी बाजरी, रब्बी ज्वारी आणि खिलार बैलांची एक जोडी. पाऊस पडला तरच पीक. चीनबरोबरच्या युद्धानंतर सैन्यभरती वाढली, तेव्हा १९६३ मध्ये ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. बेळगावला रिक्रूट म्हणून घडले आणि रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला उतरली आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. १० डिसेंबरला तिथल्या ‘३१ बलुच’ या पाकिस्तानी पलटणीला शरण येण्याचे पत्र धाडण्यात आले. त्यांच्या कमांडरने उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी पाठवली. त्याच रात्री वेढा फोडून निसटू पाहणारे सैन्य मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळले, रात्रभर लढाई झाली आणि ११ तारखेला जमालपूर पडले. याविषयी नानांना छेडले की ते एवढेच सांगत, “आम्ही दारूगोळा घेऊन त्यांच्या भाताच्या रानातनं चाललो होतो, अन् ती माणसं आमची ओझी उचलायला धावत येत होती. कुणाचं पीक तुडवलं ते काही ध्यानातनं जात नाही.” लढाईतून परतलेल्या माणसाला पन्नास वर्षांनंतरही दुसऱ्याच्या बांधावरचे पीक आठवत होते, हे मला फार मोलाचे वाटते.

युद्ध संपले, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला. या दोन घटना आपण एरवी वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. नानांच्या घरात त्या एकापाठोपाठ एक दारात येऊन उभ्या राहिल्या. नाना दोन महिन्यांच्या वार्षिक सुट्टीवर आले तेव्हा काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरी नव्हत्या. त्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, धाकटी मुलगी शेजारी गोधडीवर निजलेली होती. मे १९७३ मध्ये राज्यातल्या अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांतल्या काकी एक. नानांची मनीऑर्डर येत असे, पण सासू-सासरे, दीर, नणंद आणि दावणीची जनावरे यांना ती पुरणार किती? बैल छावणीवर नेण्याचा निर्णय काकींनी घेतला, बी-भरणाचा दाणा न मोडता मुलांना सुकडीवर आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीवर जगवण्याचाही त्यांनीच घेतला. नाना पलटणीत राहू शकले ते या बाईच्या बळावर. त्यांच्या नोकरीची सोळा वर्षे दोघांच्या नावे मांडली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७९ मध्ये नाना पेन्शन घेऊन परत आले. पेन्शनचा काही भाग विकून मिळालेले पैसे त्यांनी विहिरीत घातले. पाणी लागले, पण बेताचे. पुढे डाळिंब लावले, ठिबक केले, चार वर्षे चांगली गेली आणि तेल्या रोगाने बाग बसली. नानांनी झाडे मुळासकट काढली, जाळली आणि पुन्हा ज्वारी पेरली. मुलींना साताऱ्यात माजी सैनिकांच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवून शिकवले. त्या काळी भावकीतल्या अनेकांना ते रुचले नव्हते.

१९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. घरच्या लक्ष्मीच्या नावावर शेतकऱ्याने स्वखुशीने जमीन करून द्यावी, असे ते आवाहन होते. नाना संघटनेचे कार्यकर्ते नव्हते. तरीही तलाठ्याकडे जाऊन त्यांनी विहिरीकडचे दोन एकर काकींच्या नावावर केले आणि भावांनी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “मी नव्हतो तेव्हा रान हिनंच कसलंय.” तो सातबारा त्यांनी काळ्या लोखंडी ट्रंकेत ठेवला. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव. आत ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही युद्धाची पदके, पलटणीतून सुटताना मिळालेले डिस्चार्ज बुक आणि त्याखाली घडी घातलेला हा कागद.

डिस्चार्ज बुकात मात्र काकींचे माहेरचे नाव लागलेले होते. लग्नानंतर पलटणीच्या लेखनिकाने जे ऐकले ते लिहिले, आणि तेच पुढे चालत राहिले. ही चूक दुरुस्त करायला नानांना प्रतिज्ञापत्रे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावचे रेकॉर्ड ऑफिस अशी दीड वर्षाची पायपीट करावी लागली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की जवान गेल्यावर त्याच्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन नेमके अशाच एका अक्षरावर अडते. काकी २०१६ मध्ये गेल्या. त्यानंतर गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी अखेरचा श्वास घेईपर्यंत नाना पंचक्रोशीतल्या बायकांचे हेच काम करत होते. मुक्कामाची एसटी धरून ते कागद घेऊन जात आणि कुणाकडून भाड्याचा रुपयाही घेत नसत. ज्यांच्या नवऱ्यांनी गावाचे नाव राखले त्यांची नावे सरकारदरबारी नीट लागावीत, हा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या पश्चात तीन अर्ज अर्धवट राहिले आहेत. ते त्यांच्या नातीने हाती घेतले असून ती आज इथे बसलेली आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी असे प्रकरण असेल, तर डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश आणि आधार कार्डाची प्रत घेऊन कार्यक्रमानंतर तिला भेटावे. लग्नाचा दाखला नसला तरी यावे. त्यावरचा मार्ग नानांनी तिला शिकवून ठेवला आहे.