सुई परत आणा, नवी घेऊन जा

नमस्कार श्रोतेहो. आज मणिपूरबद्दल बोलायचं आहे. म्यानमारच्या सीमेला लागून मोरे नावाचं गाव आहे. पलीकडून येणाऱ्या हेरॉइनला तिकडे ‘नंबर फोर’ म्हणतात. ऐंशीच्या दशकात ते इम्फाळ, चुराचांदपूरच्या तरुणांच्या हाती पडलं आणि अनेक जण ते सुईने टोचून घेऊ लागले. सप्टेंबर १९८९ मध्ये या मुलांच्या रक्ततपासणीत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना लागण झालेली होती. पुढे तो त्यांच्या बायकांपर्यंत गेला, बाळांपर्यंतही.

इतक्या झपाट्याने कसा पसरला? सुई शिरेत गेली का, हे बघायला दट्ट्या जरासा मागे ओढतात. थोडं रक्त सिरिंजमध्ये येतं. तीच सिरिंज मित्राने घेतली की ते रक्त थेट त्याच्या शिरेत जातं. हिपॅटायटिस सी हा यकृताचा संसर्ग तर एचआयव्हीहून चिवट. प्रयोगशाळेत त्याचा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांनंतरही जिवंत आढळला आहे. सुई वेगळी असली, पण पावडर विरघळवायचं झाकण, पाणी, कापूस एकच असला, तरी तो पसरू शकतो.

मग मुलं एकच सुई का वापरत? खिशात सिरिंज सापडली की पोलीस धरत, म्हणून कुणी ती जवळ बाळगत नसे. लपवून ठेवलेली एकच सुई सगळ्यांच्या हातून फिरे. भीतीने व्यसन सुटलं नाही, फक्त सुया कमी झाल्या. मला या सगळ्या कहाणीतली ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

मणिपूरने १९९६ मध्ये एड्सबाबत स्वतःचं राज्य धोरण आणलं आणि स्वच्छ सुया देण्याचं काम त्यात धरलं. वापरलेली सुई परत आणा, नवी घेऊन जा. हे काम करणारे कितीतरी जण एकेकाळी स्वतः व्यसनात होते. कोणत्या पडक्या घरामागे कोण बसतं, हे त्यांना ठाऊक असतं. सुई देता देता ते विचारतात, हातावरचं गळू दाखवलंस का? रक्त तपासलंस का? घरच्यांच्याही नजरेतून उतरलेल्या मुलाला आपुलकीने असं विचारणारं दुसरं कोण असतं?

‘सुया वाटल्या तर व्यसन वाढेल’ ही शंका आईबापांच्या मनात येणारच. पण अनेक देशांत हे तपासून पाहिलं गेलं आणि तसं घडलेलं दिसलं नाही. उलट सुई घ्यायला येणारा माणूस पुढे उपचारांपर्यंतही पोचतो. हेरॉइनऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांत मिळते. हिपॅटायटिस सी औषधांनी बरा होतो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती औषधं मोफत आहेत. लागण टाळण्यासाठी चालवलेल्या अशा कामाला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं संरक्षणही आहे.

मुंबईतही सुई टोचून नशा करणाऱ्यांसाठी असं काम चालतं. तुमच्या घरात, शेजारात कुणी सुई घेत असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. जवळचं केंद्र कुठे आहे, ते तिथे सांगतात.