७२ तास आणि ९० दिवस: एचआयव्हीचं कॅलेंडर

(हातात भिंतीवरचं कालनिर्णय आणि लाल स्केचपेन)

नमस्कार मंडळी. हे कालनिर्णय मुहूर्त बघायला आणलेलं नाही. मला यावर फक्त दोन गोल करायचेत. एक ३ जानेवारीला, एक ३१ मार्चला.

गोष्ट माझ्या होस्टेलची. थर्टी फर्स्टच्या रात्री आमच्यातला एक जण पार्टीला गेला आणि तिथे जे झालं ते कंडोमशिवाय झालं. २ तारखेला त्याने मला गच्चीवर नेऊन सांगितलं. आम्ही दोघे होणारे इंजिनिअर, त्यामुळे केलं काय? गुगल! ताप येतो का, पुरळ उठतं का, घसा दुखतोय का. पठ्ठ्या दर तासाला स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायचा. सिव्हिल हॉस्पिटलला गेलो थेट ५ तारखेला. तिथल्या समुपदेशक ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं, एक शब्द रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दोन दिवस आधी आला असतास, तर डॉक्टरांना गोळ्यांचं विचारता आलं असतं."

कुठल्या गोळ्या? आम्हाला पत्ताच नव्हता.

(३ जानेवारीला गोल)

विषाणू शरीरात शिरला म्हणजे त्याच क्षणी खेळ संपला, असं नसतं. जिथून शिरला तिथल्या पेशी, मग जवळच्या लसिका ग्रंथी, मग रक्त, असा त्याचा प्रवास असतो आणि त्याला थोडा वेळ लागतो. एकदा का त्याने आपल्या पेशींच्या डीएनएत स्वतःची प्रत घुसवली, की आजचं औषध त्याला दाबून ठेवतं, पण हाकलू शकत नाही. म्हणून त्याआधीच वाट अडवायची. या उपचाराला 'पेप' म्हणतात. ७२ तासांच्या आत सुरू करायचा, आणि पहिल्या काही तासांत झाला तर उत्तम. मग सलग २८ दिवस, एकही दिवस न चुकवता. नर्सला वापरलेली सुई टोचली तर हेच देतात. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीच्या उपचारातही हे येतं, तेव्हा तिथे पोलीस-पंचनाम्याची वाट बघत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा. बाकी कुणावर अशी वेळ आली तर एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातल्या, किंवा माहितगार डॉक्टरांना त्याच दिवशी गाठायचं. मेडिकलमधून मनानेच गोळ्या घेणं मात्र नको. आणि धोका वारंवार येत असेल तर आधीच घ्यायचं औषधही आहे, 'प्रेप'. तेही डॉक्टरांना विचारून.

(कॅलेंडरची पानं उलटत मार्चवर)

आता दुसरा गोल. ताईंनी त्याची ५ जानेवारीला चाचणी केली, निगेटिव्ह आली, आणि हा उड्या मारायला लागला. ताई म्हणाल्या, "थांब. हा रिपोर्ट थर्टी फर्स्टच्या आधीचा समज." कारण या झटपट चाचण्या विषाणू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधतात. त्या दिसण्याजोग्या व्हायला साधारण २३ ते ९० दिवस लागतात. मधल्या काळात चाचणी निगेटिव्ह, पण संसर्ग मात्र दुसऱ्याला होऊ शकतो. ताप, पुरळ वगैरेवरून काही कळत नाही. तसला ताप फ्लूचाही असतो, आणि कित्येकांना काहीच होत नाही. ३१ डिसेंबर अधिक ९० दिवस, म्हणजे ३१ मार्च. सीए लोकांची आणि आमच्या मित्राची डेडलाइन एकच!

चाचणी होते सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीच्या केंद्रात. पैसे लागत नाहीत आणि रिपोर्ट गुप्त राहतो. एका किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच शिक्का मारत नाहीत, वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. जायच्या आधी बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे.

आणि समजा, पॉझिटिव्ह आला तर? एसटी स्टँडच्या भिंतीवर एड्सच्या जाहिरातीतली कवटी बघत जी पिढी वाढली, तिच्या डोक्यातून ती कवटी अजून गेलेली नाही. माझं मत विचाराल तर त्या कवटीने लोकांना कंडोमकडे नाही, चाचणीपासून लांब पाठवलं. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये तिहेरी औषध देऊ केलं. तोवर परदेशात त्याच उपचाराला वर्षाकाठी १० हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. भारतात सरकारी मोफत उपचार २००४ पासून मिळतो. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. हे मी मनाचं सांगत नाही. 'पार्टनर २' या युरोपातल्या अभ्यासात समलिंगी पुरुषांची जवळपास ७८० जोडपी होती, दोघांतला एक उपचार घेणारा. कंडोमशिवाय ७६ हजारांहून जास्त वेळा संबंध आले. जोडीदाराकडून लागण किती जणांना? शून्य. आणि २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायलाच बंदी आहे.

कंडोमचं थोडक्यात. पाकिटात महिनोन् महिने ठेवलेला वापरू नका, उष्णतेने रबर खराब होतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन चालत नाही, लेटेक्स फाटतं. आणि मेडिकलवाले काका काळ्या पिशवीत घालून देतील, देऊ देत. घ्या आणि निघा.

डास, एकाच ताटात जेवण, मिठी, संडास यातून पसरत नाही, हे दहावीच्या पुस्तकातलं मी परत सांगत बसत नाही. जत्रेतल्या टॅटूवाल्याला मात्र सुई नवी आहे का, हे विचारा. त्या सुईतून हिपॅटायटिससुद्धा येतो.

(३१ मार्चला गोल)

आमच्या खोलीतल्या कॅलेंडरवर हा गोल तीन महिने होता. रिपोर्ट निगेटिव्ह आला. रूममेट विचारायचे, एवढं काय आहे त्या दिवशी? आम्ही दोघेही सांगायचो, मेसचे पैसे भरायचेत.