कोण ऐकतंय तुमच्या पोराचं?

नमस्कार मंडळी. बेळगाव शहरात, येळ्ळूर-उचगावच्या पट्ट्यात, खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत, तिकडं निपाणी-चिकोडीपर्यंत जे कोणी ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. आजचा विषय जड आहे, आत्महत्येचा आहे, त्यामुळं आधीच सांगून ठेवते, ऐकता ऐकता कुणाला स्वतःलाच भरून आलं, नको वाटायला लागलं तर माझं भाषण राहू दे बाजूला, एक नंबर फिरवा. १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतंय आणि मराठीत बोलता येतंय.

आता मुद्द्यावर येते. इंटरनेटवर काही जागा अशा आहेत की जिथं जगणं नको झालेली माणसं जमतात आणि एकमेकांना परत फिरवायच्या ऐवजी पुढं ढकलतात. नावं मी सांगणार नाही, आणि तुम्हीपण बघूया तरी काय आहे म्हणून शोधायला जाऊ नका, कुणाला फॉरवर्ड तर अजिबात करू नका. तिथं चालतं काय एवढं मात्र आईबापांना, मास्तरांना, मित्रांना माहीत पाहिजे.

नवीन कोणी आलं की सुरुवातीला फार मायेनं विचारपूस होते. आम्हाला कळतंय तुझं, घरच्यांना काय कळणार, तू मोकळेपणानं बोल, असं सगळं. ज्याचं घरात कुणी दोन मिनिटं ऐकून घेतलं नाही त्याला वाटतं, अरे, आपली माणसं सापडली की. मग बोलणं हळूहळू एकाच दिशेला सरकायला लागतं. कोणी म्हटलं की बाबा डॉक्टरकडं जा, आईला सांग, तर त्याची टिंगल करतात नाहीतर त्याला हाकलून देतात. जो मागं फिरायचं म्हणतो तो भित्रा ठरतो, आणि जो गेला त्याच्यावर कौतुकाचा पाऊस. बघा, मरायच्या विचारात असलेल्या माणसाच्या मनात शेवटपर्यंत दोन बाजू असतात, एक म्हणते संपवून टाकूया, दुसरी म्हणते कुणीतरी अडवा रे मला. त्या दुसऱ्या बाजूचा गळा तिथं ठरवून दाबला जातो. मला या सगळ्यात भयंकर हेच वाटतं.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क टाइम्सनं अशा एका साइटचा माग काढला. तिथं वावरलेल्या आणि नंतर आत्महत्येनं गेलेल्या ४५ जणांची त्यांनी ओळख पटवली, वेगवेगळ्या देशांतले, बहुतेक तिशीच्या आतले. आणि पलीकडं बोलणारं कोण असतंय? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला एक मध्यमवयीन माणूस, पेशानं नर्स, चॅटवर मात्र स्वतःला तरुण मुलगी म्हणवायचा, मीपण दुःखी आहे, आपण दोघं बरोबरच जाऊया असं वचन द्यायचा. समोरचे गेले. हा घरीच. २०१४ मध्ये कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. जपानमधलं तर याहून वाईट. झामा शहरातल्या एका माणसानं ट्विटरवर मला जगायचं नाही असं लिहिणाऱ्या पोरापोरींना हेरून, मी मदत करतो म्हणून बोलावून घेतलं आणि २०१७ मध्ये नऊ जणांचा खून केला, त्यात सगळ्यात लहान १५ वर्षांची. कोर्टात त्याचा वकील म्हणाला यांना मरायचंच होतं, तर कोर्टानं ते साफ फेटाळलं, सांगितलं की यातल्या एकाचीही संमती नव्हती. मंडळी, ती पोरं बोलायला कुणीतरी शोधत होती, आणि त्यांना भेटलं कोण ते बघा.

आणि अशा खास जागेवर जायलाच पाहिजे असंही नाही. साधं इन्स्टाग्राम. एक उदास रील बघितला की दुसरा येतो, मग तिसरा, पोरगं पांघरुणात तोंड घालून तेच बघत बसतंय आणि फोन त्याला तेच वाढत राहतोय. लंडनची एक १४ वर्षांची मुलगी २०१७ मध्ये गेली, तिच्या मृत्यूची चौकशी झाली आणि २०२२ मध्ये तिथल्या कॉरोनरनं स्पष्ट म्हटलं की तिनं ऑनलाइन बघितलेल्या मजकुराचा या मृत्यूत हातभार आहे. त्यानंतर ब्रिटननं २०२३ मध्ये ऑनलाइन सुरक्षेचा कायदाच केला. आपल्याकडंही आत्महत्येला प्रवृत्त करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १०८, दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि चॅटवर लिहिलं म्हणजे सुटलं असं नसतंय. तुमच्या माणसाला असं कोणी भडकवत असलं तर मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, सीईएन, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात जा नाहीतर सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार द्या.

पण पोलीस, कायदा हे सगळं नंतरचं. पोरगं तिथं गेलंच कशाला? माझं म्हणणं असं आहे की तिथं आधी ऐकून घेतात म्हणून गेलं. ही एक गोष्ट आपण घरात, गल्लीत, कॉलेजात द्यायला लागलो तर त्या जागेचं निम्मं बळ तिथंच संपतं.

आपल्या भागातली ओझी काय कमी आहेत काय? सेकंड पीयूसीत, म्हणजे बारावीत नापास झालं की घरात सुतक पडल्यासारखं करतात, आणि खरं तर कर्नाटकात त्याच वर्षात परत परीक्षा देता येते, हे कितीतरी आईबापांना माहीतच नसतंय. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या गावात, त्यामुळं अर्ध्या गल्लीचं स्वप्न मिलिटरीत भरती व्हायचं, पहाटे उठून पळणारी पोरं आपण रोज बघतो, आणि वय निघून गेलं, मेडिकलला अडकलं की त्याच पोराला चौकातनं जाताना मान खाली घालावी लागते. बायकांच्या मागं मायक्रो फायनान्सचे हप्ते, दारात येऊन ओरडणारी वसुलीची माणसं. त्या वसुलीच्या जुलमाविरुद्ध राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदाही झाला, दमदाटी करणाऱ्यावर तक्रार करता येते, हे बचत गटाच्या बैठकीत मोठ्यानं सांगा. शेतकऱ्याचं उसाचं बिल अडकलेलं. कुणाचं प्रेम जातीत बसत नाही. आणि वर आपली सीमाभागाची वेगळी गोष्ट, घरात मराठी, ऑफिसात कन्नड, कॉलेजात इंग्लिश, आणि मनातलं दुःख तर माणूस आईच्या भाषेतच सांगू शकतो. दवाखान्यात गेल्यावर आधी भाषेचीच धास्ती वाटायला लागली तर माणूस तोंड उघडत नाही. म्हणून १४४१६ वर मराठी निवडता येते हे मी एवढं ठासून सांगते. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली, वीस भाषांत चालते, फोन लावल्यावर भाषा निवडायला सांगतात, घाबरून ठेवून देऊ नका.

आता सगळ्यात आशेची गोष्ट. मलप्रभेला पूर येतो तेव्हा खानापूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही की आज पलीकडं जाऊ नको, पाणी उतरेपर्यंत थांब. मरायचा झटका असाच चढतो आणि उतरतो. ती वेळ काही तासांची असते, कधी काही मिनिटांची. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अगदी शेवटच्या क्षणी लोकांनी अडवलेल्या ५१५ जणांचा एका अभ्यासकानं पुढं कित्येक वर्षांनी शोध घेतला, १९७८ मध्ये ते छापून आलं. शंभरातले ९४ एकतर जिवंत होते नाहीतर नैसर्गिक कारणानं गेले होते. आज अडवलं तरी उद्या करणारच, असं आपल्याकडं किती सहज बोलतात. ते खोटं आहे. अडवलेला माणूस बहुतेक वेळा जगतो.

म्हणून घरात शेतीची औषधं असतील तर कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. घरात कुणाचं मन ठिकाणावर नसलं तर तेवढ्यापुरती शेजाऱ्याकडं, भावकीत कुणाकडं ठेवा, यात लाज कसली. श्रीलंकेनं सगळ्यात विषारी औषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून जास्त कमी झाल्या.

आणि विचारायचं कसं? सरळ विचारायचं. पोरगं गप्प गप्प असतंय, जेवण तुटलंय, रात्रभर फोन, स्वतःच्या आवडीच्या वस्तू वाटून टाकतंय, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधनं बाहेर पडलंय, मी नसलो तर तुमचं बरं होईल असलं काहीतरी बोलतंय, किंवा इतके दिवस तळमळत होतं ते अचानक शांत झालंय, तर शेजारी बसा आणि म्हणा, बाळा, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय काय? असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात जाईल ही भीती सगळ्यांना असते. अभ्यासातनं हे पुन्हा पुन्हा दिसलंय की विचारल्यानं विचार वाढत नाही, उलट माणसाला हायसं वाटतं की चला, कोणीतरी बोललं.

ते हो म्हणालं तर? तर तुमच्या छातीत धस्स होणार. तरी ओरडू नका, रडून त्याच्यावरच पडू नका. तुला काय कमी केलंय आम्ही, आईबापाचा तरी विचार कर, लोक काय म्हणतील, ही तीन वाक्यं गिळून टाका, कारण त्याला आधीच वाटतंय की मी सगळ्यांवर ओझं आहे आणि तुम्ही त्यावर शिक्का मारताय. म्हणा, बरं झालं सांगितलंस. कधीपासनं होतंय असं? आज रात्री मी इथंच झोपते. एवढंच. उत्तर तुमच्याकडं असायची गरज नाही. फोन हिसकावून भिंतीवर आपटू नका, तो कुणाशी बोलतोय, ते काय सांगतात, हे त्याच्याच तोंडून ऐका, नाहीतर पुढच्या वेळी तो लपवायला शिकेल. त्याला एकटं सोडू नका, दोघं मिळून १४४१६ लावा, आणि गोष्ट हाताबाहेर वाटली तर ११२ किंवा थेट मोठा सरकारी दवाखाना, बेळगावात बिम्स आहे, कुणाची वाट बघत बसू नका.

पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरणारी माणसं अजून आहेत. ऐका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम ११५, म्हणतो की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा द्यायची नाही, आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, उपचार द्यायचे. असा प्रयत्न हा गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तसं उरलेलंच नाही. त्यामुळं नेताना एक मिनिट घालवू नका.

आणि ते धारवाडला पाठवायला पाहिजे याला, हे चेष्टेत बोलणं बंद करूया हो. धारवाडचं डिमहान्स हा मनाच्या आजारांचा दवाखाना आहे, तिथं माणसं बरी होऊन घरी येतात, उसाला जातात, दुकानं चालवतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही मनोचैतन्य योजनेखाली मंगळवारी मनाच्या डॉक्टरांची ओपीडी असते, आपल्या तालुक्यात किती वाजता असते ते आधी विचारून घ्या. गोळ्या सुरू झाल्या तर बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. देवाला जायचं असलं तर जा की, यल्लम्माला जा, पण गोळी खाऊन जा.

दवाखान्यातनं परत आल्यावरचे आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमकं तेव्हाच पाहुणे पांगतात. सॅन फ्रान्सिस्कोतच जेरोम मोटो नावाच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात एक साधी गोष्ट केली. दवाखान्यातनं गेल्यावर पुढचे उपचार नको म्हटलेल्या माणसांपैकी निम्म्यांना अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, बस, उपदेश नाही, मागणं नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. आज पत्र नको, व्हॉट्सॲप आहे. काय गा, जेवलास काय? हनुमाननगरला चहाला येतोस? उत्तर आलं नाही तरी चार दिवसांनी परत पाठवा. मित्रांनो, हे तुमच्यासाठी आहे, आईबापांच्या आधी तुम्हाला कळतंय कोण कुठं अडकलंय ते. तुला शपथ आहे कुणाला सांगू नको असं तो म्हणाला तरी ही शपथ मोडायची, मोठ्या माणसाला सांगायचं, तो चार महिने बोलणार नाही, चालेल.

ज्या घरात असं घडून गेलंय त्या घरी पण जा. तिथं का केलं, कसं केलं हे विचारू नका, गेलेल्याच्या आठवणी काढा, त्याचं नाव घ्या, आणि त्या आईला तुझंच चुकलं असं वाटेल असं काही बोलू नका.

आणि तू, जो खोलीचं दार लावून ऐकतोयस, किंवा ऐकतेयस. कदाचित त्या जागेवर तुझं अकाउंट पण असेल. मी तुला बोल लावणार नाही, तुला तिथं बरं वाटलं असणार म्हणून तू गेलास. पण तिथल्या एकानं तरी तुला आज थांब असं म्हटलंय काय? मी म्हणते. आज थांब. आईला जमत नसेल तर मावशीला सांग, मास्तरांना सांग, बहिणीला नुसतं मला बरं वाटत नाही एवढा मेसेज टाक, पुढचं ती विचारेल. तेही नको असेल तर नाव न सांगता १४४१६ लाव, भाषा मराठी निवड, आणि पहिलं वाक्य सुचलं नाही तर म्हण, रेडिओवर ऐकलं म्हणून फोन केलाय.