रातांबे संपल्यावर

(जाहिरात-निर्मिती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज मी एकच जाहिरात आणली आहे, पण दोन अवतारांत. पहिला 58 सेकंदांचा, दुसरा 30 चा. माझ्याकडे शिकणाऱ्या चौघांनी केलेली. कोकम सरबताची, ब्रँड अर्थातच काल्पनिक. मे महिन्यात एकाच्या आजोळी, वेंगुर्ल्याजवळ जाऊन त्यांनी ती मोबाइलवर शूट केली. नातू क्रिकेट खेळून घामाघूम होऊन येतो, पडवीत आजी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलेली, ती आतून सरबत आणते, तो पितो. एवढंच.

जुलैत वर्गात दाखवली. प्रतिक्रिया आल्या त्या तुम्हीही देता तशाच. ‘स्लो आहे’, ‘म्युझिक फार मोठं आहे’, ‘सरबत कसंतरीच दिसतंय’. कॅन्टीनच्या मामांनाही दाखवली. ते म्हणाले, ‘लोणच्याची आहे का?’

संध्याकाळी पोरं आली. ‘मॅम, सगळं परत शूट करतो.’ म्हटलं, रातांबे कुठून आणणार? ते एप्रिल-मेचं फळ, पाऊस लागला की संपलं. ते ऊनही आता मिळणार नाही. आणि नातवानं तर केस बारीक करून घेतले होते!

मग आधी एडिटला बसलो. ‘स्लो’ म्हणणाऱ्यांना शॉट लांब वाटत नव्हते, त्यांना सरबताची वाट बघावी लागत होती. ग्लास पहिल्यांदा दिसत होता 41 व्या सेकंदाला. तोवर लाल फळं, विळी, मीठ, चिनीमातीच्या बरण्या. मामांचं काय चुकलं? बरण्यांचे दोन शॉट खरंच देखणे होते. ते काढले, तर कॅमेरा केलेला मुलगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

म्युझिक कमी करून पाहिलं, तर मागचा पंखा ऐकू आला. फोन दहा फुटांवर ठेवून संवाद घेतलेले, आजीचा आवाज खोलीभर घुमत होता, आणि ते झाकायला म्युझिक चढवलेलं. मग आजोळच्या मामाला फोन लावला. त्यानं आजीला गोधडीच्या आत बसवून, फोन तोंडाशी धरून एकच वाक्य पाच वेळा बोलून घेतलं, ‘पी आधी, मग बोल.’ गोधडी घुमणारा आवाज खाते. ते वाक्य नातवाच्या चेहऱ्यावर टाकलं, म्हणजे आजीचे ओठ जुळवायचा प्रश्नच नाही.

एवढं झाल्यावर नव्यानं काय हवं याची यादी केली. तीन शॉट निघाले. सरबत ओतताना, ग्लास जवळून, आणि ग्लास उचलणारा हात. तिन्ही होस्टेलच्या खोलीत घेतले. केसांचा प्रश्न संपला, कारण नातवाचा फक्त हात दिसणार होता.

पहिल्याच टेकमध्ये भिंतीवर पट्टे सरकायला लागले. जुनी ट्यूबलाइट होती. आपली वीज 50 हर्ट्झची, तशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. शटर 1/60 सेकंदावर होतं, 1/50 केलं, पट्टे गेले. सरबत मात्र काळंच. समोरून कितीही लाइट मारा, कोकम काळं दिसतं. उजेड मागून हवा. ग्लासच्या आकाराचा पांढरा कागद कापला, ग्लासमागे तिरका लावला, त्यावर टॉर्च मारला, आणि तो रंग जो पेटला! त्याआधी एकानं हळूच सुचवलं होतं, ‘थोडा बिटाचा रस घालू या?’ नाही. ॲस्की, म्हणजे जाहिरातवाल्यांनीच 1985 साली उभी केलेली परिषद, तिच्या संहितेत दिशाभूल चालत नाही. ग्लासच्या बाहेरून ग्लिसरिन-पाण्याचे थेंब मारा खुशाल. आपण ग्लास विकत नाही आहोत.

घोळ पुढे झाला. मोबाइलचं फुटेज सेकंदाला 30 फ्रेम्सचं, होस्टेलमध्ये वापरलेल्या नव्या कॅमेऱ्याचं 25 चं. टाइमलाइन 25 ची ठेवली, तर नातू धावताना अडखळायला लागला, कारण दर सहावी फ्रेम गळत होती. मग एकही फ्रेम न गाळता तो शॉट 25 नं चालवला. वेग साधारण 83 टक्क्यांवर आला, आणि उन्हातलं ते धावणं जरा जड, दमलेलं दिसायला लागलं. हे कुणी ठरवलं नव्हतं. मी मात्र नंतर दोन ठिकाणी ठरवून वापरलंय.

आता दोन्ही लागोपाठ लावते. मेमध्ये नातवाच्या उजव्या मनगटावर काळा धागा होता. होस्टेलमध्ये तो घालायचं राहिलं, आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. पुढच्या रांगेतल्यांनी दिवे घालवा.