कंबरपट्ट्यामागचा लाल दाणा

नमस्कार श्रोतेहो.

घरी हाताने दागिने करून विकणाऱ्या बायकांच्या धंद्यावर दहा मिनिटं बोला, असं मला आकाशवाणीवरून सांगितलं. दागिने म्हटलं की हल्ली टेराकोटाचे झुमके, रेशमी दोऱ्याच्या बांगड्या, ऑक्सिडाइज्डचे हार आठवतात. मी बोलणार आहे हलव्याच्या दागिन्यांवर. एक तर संक्रांत तोंडावर आलीय. दुसरं म्हणजे माझी मावशी वाईला हेच करते, आणि तिची एक गोष्ट मला सांगायचीच आहे. दहातली पाच मिनिटं तीच खाणार, हे आधीच कबूल करते.

हलवा कसा करतात हे तुम्हाला माहीत आहे. तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, जे काही घ्याल ते परातीत, खाली मंद आच, वरून चमचाभर पाक आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असे चार-पाच दिवस. थंडी पडली असेल तर काटा धरतो, ढगाळ हवा आली की परातीत नुसता चिखल. वाईची थंडी या कामाला फार चांगली. यंत्रात फिरवलेला हलवा बाजारात मिळतो, गुळगुळीत, गोटीसारखा. त्याला मी हलवा म्हणत नाही. काटा नाही तर तो हलवा कसला, साखरेच्या गोळ्या त्या! असो.

मग गुंफण. दाण्याला भोक पाडायला जावं तर तो फुटतो. म्हणून दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवायचा, गाठ ओढायची, पुढचा दाणा. मंगळसूत्र, हार, नथ, बिंदी, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. नव्या नवरीचा एक संच करायला मावशीला नऊ तास लागतात, आणि त्या संचापुरत्या हलव्याचे आणखी दोन. अकरा तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एका संचाला अकरा तास.

आता गोष्ट.

मावशीने पहिला संच केला तेव्हा रात्री उशिरा कंबरपट्ट्याच्या शेवटाला एक पांढरा दाणा कमी पडला. पुन्हा शेगडी कोण पेटवणार? पोरांसाठी केलेला रंगीत हलवा डब्यात होता, त्यातला एक लाल दाणा तिने मागच्या बाजूला, गाठीजवळ अडकवून दिला. दिसणारही नाही कुणाला. तो संच खपला, आणि तेव्हापासून तिने पायंडाच पाडला. प्रत्येक कंबरपट्ट्यामागे एक लाल दाणा. विचारलं तर म्हणायची, "असू दे गं, दृष्ट लागत नाही."

पुण्यातलं एक दुकान तिचा माल घ्यायचं. मावशी स्वतः एसटीने स्वारगेटला यायची, मांडीवर पत्र्याचे डबे घेऊन. टपावर ठेवायची नाही, कुणाच्या हातात द्यायची नाही. एका संचाचे साडेतीनशे रुपये. हंगामाला चाळीस संच. रोख पैसे हातात पडायचे आणि ती खूश होती. खरंच खूश होती.

तर 2011 सालचा जानेवारी. कोथरूडला आमच्या नात्यातल्या एका घरी नव्या सुनेचं हळदीकुंकू होतं, मावशी आणि मी दोघी गेलो. सून काळ्या चंद्रकळेत, अंगभर हलव्याचे दागिने, पाटावर बसलेली. बायका कौतुक करतायत. मावशी हळदीकुंकू लावायला पुढे वाकली आणि तशीच थांबली. मग तिने काय करावं? त्या मुलीच्या खांद्याला धरून तिला हळूच पाटावरच पाठमोरी फिरवली. भर हळदीकुंकवात! मी इकडे मेल्याहून मेल्यासारखी. मावशीने पदर बाजूला केला, कंबरपट्ट्याची गाठ बघितली, आणि मला तिथूनच डोळ्यांनी खूण केली. लाल दाणा.

मुलीच्या सासूबाईंना वाटलं, पाहुणीला फारच आवडलेलं दिसतंय. त्या कौतुकाने म्हणाल्या, "बघा ना, काम किती नाजूक आहे! पंधराशे मोजले, पण सुनेचा पहिला सण."

पंधराशे.

मावशी एक शब्द बोलली नाही. मी केलंय हे, असंही म्हणाली नाही. तिळगूळ घेतला, वाण घेतलं. वाण म्हणजे प्लॅस्टिकची चाळणी होती. हळदीकुंकवाला प्लॅस्टिक वाटणं बंद करा हो बायांनो, पाच सुगडं द्या, एक गजरा द्या, पण ते प्लॅस्टिक नको! माझ्या घरी अशा सात चाळण्या आहेत. तर, चाळणी घेतली आणि आम्ही स्वारगेटला आलो. वाईची गाडी लागली. कात्रजचा बोगदा गेला, शिरवळ गेलं, खंबाटकी चढलो, मावशी गप्प. सुरूरच्या फाट्याला एकदम म्हणाली, "अकरा तास लागतात गं मला."

त्या रात्री आम्ही कालनिर्णयाच्या डिसेंबरच्या पानामागे हिशेब मांडला. साखर, तीळ, जरीचा दोरा, डबा, गॅस धरून एका संचाचा खर्च एकशेवीस. साडेतीनशेतून एकशेवीस गेले, उरले दोनशेतीस. भागिले अकरा. तासाला एकवीस रुपयेसुद्धा पुरते पडत नव्हते. तेवढ्यात तर वाईच्या स्टँडवर दोन प्लेट भजी येत होती. आणि आजवर हा भागाकार तिने कधी केलाच नव्हता. ती म्हणायची, "साखर केवढ्याची, दोरा केवढ्याचा, वर दोनशे सुटतात की!" हाताचा हिशेबच नाही. श्रोतेहो, पुन्हा सांगते: साखरेचा हिशेब सगळ्याजणी करतात, तासांचा करत नाहीत. तास लिहून ठेवा. वहीत लिहा, कॅलेंडरवर लिहा, पण लिहा.

पुढच्या वर्षी मावशीने दुकानदाराला सातशे सांगितले. तो म्हणाला, "मावशी, साडेतीनशेत देणाऱ्या चारजणी आहेत." संपलं. मग तिने स्वतःच विकायचं ठरवलं. पंचवीस संच केले, हजाराला एक. ओळखीतून, माझ्या ऑफिसातून, महिला मंडळातून सतरा गेले. आठ उरले.

इथे मला थांबायचंय थोडं. रथसप्तमी झाली आणि ते आठ डबे कपाटावर तसेच. साखरेचा माल, पुढच्या संक्रांतीपर्यंत टिकतोय थोडाच! उन्हाळ्यात पाझरायला लागला, मुंग्या आल्या. मावशीने दोरे कापले आणि हलवा गल्लीतल्या पोरांना वाटला. तेव्हा तिला त्या दुकानदाराचंही थोडं कळलं. त्याचं भाडं, त्याची काच, आणि उरलेला माल त्याच्या अंगावर. पंधराशे त्याने फुकट घेतले नव्हते. जास्त घेतले होते, हे माझं मत. मावशी मात्र अजूनही त्याला चोर म्हणू देत नाही.

हिशेब ऐका. आधी चाळीस संच, चारशेचाळीस तास, हाती नऊ हजार दोनशे. आता संच विकले सतरा. आठ वाया जाऊन आणि डबे जरा बरे आणून संचामागे दीडशे खर्च धरूनही, हाती तेरा हजार अडीचशे. तास दोनशेपंचाहत्तर. माल वाया गेला तरी पैसे जास्त आणि बोटं कमी सोलली.

त्यानंतर तिने दोन गोष्टी केल्या. ठोक भाव वेगळा, किरकोळ वेगळा. दुकानाला सातशे, घरी येणाऱ्याला हजार. दुकानात हजाराला मिळणारी वस्तू आपण घरून सातशेला विकली तर दुकानदार पुन्हा दारात उभा करणार नाही. आणि दुसरी, निम्मे पैसे आगाऊ. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही. बहिणीची जाऊ असो, नाहीतर शाळेतली मैत्रीण. उरलेले आठ डबे आठवले की ते मागायला जीभ अडखळत नाही.

आता बाकीचं भराभर सांगते, घड्याळ पुढे पळतंय. लहान धंद्यांसाठी सरकारची उद्यम नोंदणी 2020 च्या जुलैपासून आहे, ती फुकट होते. फुकट. कुणी हजार-दीड हजार मागितले तर तो दलाल. मुद्रा योजनेत शिशु गटातून पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण हलव्याला भांडवल लागतं ते साखरेपुरतं. आगाऊ रक्कम घेत असाल तर कर्ज कशाला काढता? दागिने खायला देणार असाल तर अन्नपदार्थाची नोंदणी करून घ्या, आणि मग त्यात डिंक, चमकी, पुठ्ठा नको, नुसता दोरा. बोरनहाणाचं बाळ मुकुट चाटतंच. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. फोटो सकाळच्या उन्हात, काळ्या कापडावर काढा, आणि फोनमधले ते रंग चढवणारे फिल्टर लावू नका. पांढरा हलवा निळा दिसतो.

आणि काम वाटून घ्या. हातकणंगले तालुक्यातलं हुपरी बघा, चांदीच्या पैंजणांचं गाव. तिथे एकच माणूस अख्खं पैंजण करत बसत नाही. एका घरात एक काम, दुसऱ्या घरात पुढचं. मावशीकडे आता हलवा ती करते, गुंफायला दोघी येतात. त्यांची मजुरी तासावर.

हो, आणि घासाघीस करणाऱ्यांना एक विनंती. मॉलमध्ये किमतीच्या चिठ्ठीपुढे मान खाली घालता ना? मग दारात बसलेल्या बाईपुढेच कशी ही जीभ सुटते?

गेल्या वर्षी माझ्या नातीचं बोरनहाण झालं. मी वाईला फोन केला. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं हवं म्हटलं. मावशी म्हणाली, "लहान मापाचे नऊशे. साडेचारशे आधी पाठव." मी म्हटलं, "अगं, मी तुझी भाची!" ती म्हणाली, "म्हणून तर फोनवर बोलतेय, बाकीच्यांना निरोप देते."

पाठवले. डबा आला, उघडला. कंबरपट्टा उलटा करून बघितला. तर मागे लाल दाणे दोन.

नमस्कार.